अमेरिकेतला ‘तो’ कायदा बिल्डरला तुरुंगात टाकत नाही

कुठे इमारत कोसळली की एक मेसेज हमखास फिरतो: ‘अमेरिकेत केंद्र सरकारचं पथक ४८ तासांत पोचतं, दोषी ठरवतं, त्याच्या शिफारशी सक्तीच्या असतात. आपल्याकडे चौकशीचा अधिकारच कुणाला नाही.’

४८ तासांचं खरं आहे, पण अर्धवट. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर, ऑक्टोबर २००२ मध्ये इमारती का कोसळल्या हे शोधण्यासाठी ‘नॅशनल कन्स्ट्रक्शन सेफ्टी टीम अ‍ॅक्ट’ हा कायदा झाला. ‘निस्ट’ ही सरकारी तांत्रिक संस्था शक्य तोवर ४८ तासांत पथक नेमते. तेही मोठी जीवितहानी झाली, किंवा होता होता टळली, तरच. पथकाला जागेवर जाण्याचा, पुरावे हलवून जपण्याचा अधिकार आहे. साक्षीदारांना समन्सही निघतं.

दोषी ठरवण्याचा अधिकार मात्र नाही. उलट, अहवालाचा कोणताही भाग भरपाईच्या दाव्यात वापरता येणार नाही, असं कायद्यातच लिहिलंय. फ्लोरिडात सर्फसाइडला २४ जून २०२१ रोजी चॅम्प्लेन टॉवर्स साउथ कोसळून ९८ माणसं गेली. एक अब्ज डॉलरहून जास्त भरपाई २०२२ मध्ये कोर्टाने मंजूर केली, तेव्हा निस्टचा तपास चालूच होता. मला ही फारकत योग्य वाटते. पोलिसांना आरोपी हवा असतो. कोणता खांब आधी खचला, पाणी कुठे मुरलं, हे शोधणं इंजिनिअरचं काम.

शिफारशीही सक्तीच्या नाहीत. राज्यं आणि स्थानिक प्रशासनं बांधकाम नियमांत घेतील तेव्हाच त्या लागू होतात.

आणि आपल्याकडे अधिकार नाहीत? १९५२ च्या चौकशी आयोग कायद्याचं कलम ४ वाचा. साक्षीदार बोलावणं, शपथेवर जबाब घेणं, कागदपत्रं मागवणं, हे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आयोगाला मिळतात. जून २०२१ मध्ये मुंबईतल्या मालवणीत इमारत कोसळून १२ जण गेले, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन निवृत्त न्यायमूर्तींमार्फत चौकशी करवली.

आपल्याकडे नाही ती अशा घटनांसाठी कायम तयार असलेली तांत्रिक यंत्रणा. सर्फसाइडला खांब-स्लॅबचे तुकडे नोंद करून गोदामात ठेवले. इथे माणसं बाहेर काढली की जेसीबी आणि डंपर लागतात, आणि गंजलेली सळई राडारोड्याबरोबर निघून जाते. मेसेज पुढे पाठवायचाच असेल तर त्यात दोन मागण्या घाला: काँक्रीट आणि सळयांचे नमुने सील केल्याशिवाय राडारोडा हलवू नका, आणि तांत्रिक अहवाल लोकांसमोर ठेवा.