क्षमा करणे म्हणजे मार सोसत नांदणे, असे चर्च शिकवत नाही

आमच्या वसईच्या किनारपट्टीवरील ख्रिस्ती घरांत एखादी मुलगी नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून माहेरी आली, की वडीलधाऱ्यांकडून तिला पहिल्यांदा ऐकावे लागते ते येशूचे वचन: देवाने जे जोडले आहे ते माणसाने तोडू नये. त्यापाठोपाठ, किती वेळा क्षमा करावी याबद्दल येशूने आपला शिष्य पेत्र याला सांगितलेले ‘सातांच्या सत्तर वेळा’ येते. दोन्ही वचने मी मनापासून मानते, आणि म्हणूनच त्यांचा धाक दाखवून मुलीला पुन्हा त्याच घरात पाठवले जाते, तेव्हा मला अतिशय दुःख होते.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १९व्या अध्यायात परुशी, म्हणजे त्या काळचे कर्मठ यहुदी पंथीय, येशूला विचारतात की, पुरुषाने वाटेल त्या कारणासाठी बायको टाकावी काय. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे सूटपत्र देऊन तिला घराबाहेर काढता येत असे. येशूने पुरुषाची ही मोकळीक काढून घेतली. ज्या वचनाने बायकोला आधार दिला, त्याच वचनाने तिला मारकुट्या नवऱ्याच्या हाती सोपवणे मला तरी येशूच्या शिकवणीशी जुळणारे वाटत नाही.

कॅथलिक चर्चचा १९८३चा कायदासंग्रह (कॅनन लॉ) याबाबत पुरेसा स्पष्ट आहे. त्याच्या ११५३व्या कलमानुसार, जोडीदारामुळे पती, पत्नी किंवा मुलांच्या शरीराला अथवा आत्म्याला गंभीर धोका होत असेल, तर वेगळे राहण्यास ते रास्त कारण ठरते. एरवी त्यासाठी बिशपांचा निर्णय लागतो; मात्र थांबण्यात धोका असेल तर ती व्यक्ती स्वतःहून घर सोडू शकते. विवाहबंधन त्यामुळे तुटत नाही, आणि कारण दूर झाल्यावर संसार पुन्हा जोडला जावा, अशीच चर्चची अपेक्षा असते. पोप फ्रान्सिस यांनी तर २०१६ साली ‘आमोरिस लेतित्सिया’ या कुटुंबजीवनावरील पत्रात लिहिले की, हिंसेपासून दुबळ्या जोडीदाराला किंवा लहान मुलांना वाचवण्यासाठी विभक्त होणे कधी कधी नैतिकदृष्ट्या आवश्यक ठरते.

कायद्याने मात्र आमच्या आईच्या पिढीला फार उशिरा न्याय दिला. १८६९च्या घटस्फोट कायद्यात पतीला केवळ पत्नीचा व्यभिचार सिद्ध करणे पुरेसे होते. पत्नीला बहुतेक वेळा व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. ही विषमता २००१च्या दुरुस्तीने संपली. मुलांचा ताबा किंवा पोटगी मिळवण्यासाठी दुसरा मार्गच उरला नसेल, तर दिवाणी घटस्फोट घेणे हे पाप ठरत नाही, असे चर्चचा धर्मशिक्षणग्रंथही सांगतो. तरीही घटस्फोट झाला एवढ्यावरूनच आपल्याला कम्युनियन (पवित्र भाकरीचा प्रसाद) घेता येणार नाही, असे समजून कितीतरी बाया मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, मागच्या बाकावर बसून राहतात. पुन्हा लग्न न केलेल्या घटस्फोटितेला केवळ घटस्फोटामुळे अशी मनाई नाही, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवे.

राहिला क्षमेचा प्रश्न. ती करायचीच आहे. रोजच्या प्रभूच्या प्रार्थनेत आपण तसे म्हणतोही. पण बायबलमधली योसेफाची कथा आठवून पाहावी. ज्या भावांनी त्याला विकले, त्यांना त्याने रडत मिठी मारली. मात्र त्याआधी त्याने त्यांची परीक्षा घेतली, आणि धाकट्या बन्यामिनाऐवजी स्वतः गुलाम व्हायला यहूदा पुढे आला, तेव्हाच त्याने आपली ओळख दिली. पापनिवेदनातसुद्धा पश्चात्ताप आणि पुन्हा तसे न वागण्याचा निश्चय लागतो, मग घरातल्या सुनेकडूनच बिनशर्त परत येण्याची अपेक्षा का धरावी? मनातला राग सोडणे तिच्या हाती आहे, आणि ते ती माहेरी राहूनही करू शकते. हात उगारणे थांबवणे आणि दारू सोडणे नवऱ्याच्या हाती आहे, आणि ते त्याच्याकडून करवून घेण्याची जबाबदारी त्याच्या आईवडिलांवर, भावांवर आणि आपल्या धर्मग्रामावरही (पॅरिशवरही) येते.

म्हणून माझी आपल्या धर्मगुरूंना आणि विवाहपूर्व मार्गदर्शन करणाऱ्या जोडप्यांना कळकळीची विनंती आहे की, विवाह अभंग असतो हे शिकवताना त्याच बैठकीत ११५३वे कलमही वाचून दाखवावे, आणि ते लग्न ठरलेल्या मुलग्यांनाही ऐकवावे.