गावातल्या कॉफी शॉपचं पक्कं गिऱ्हाईक कसं व्हावं

पुण्याला गेलं की २८० ची कॉफी आपण गपगुमान पितो, बिल न बघता कार्ड देतो, वर कपाचा फोटो स्टेटसला. पण सांगलीतल्याच एखाद्या पोरानं नोकरी सोडून, बापाची बोलणी खाऊन, विश्रामबागच्या गल्लीत स्वतःचं कॉफी शॉप टाकलं की मग आपली जबाबदारी वाढते. पोराला धंदा शिकवायला पाहिजे ना कुणीतरी. तो कसा शिकवायचा ते सांगतो, मी तिथं पहिल्या आठवड्यापासूनचं गिऱ्हाईक आहे.

आत गेल्या गेल्या बसायचं नाही. उभ्यानं मेनू वाचायचा, मोठ्यानं, आणि प्रत्येक नावापुढं त्यात चहा किती आला असता ते काढायचं. कॅपुचिनो १२० म्हणजे कोपऱ्यावरचे बारा कप. हिशोब जमला की शेजारच्या टेबलाकडं बघून हसायचं, ते पण हसतात, त्यांनी पण आल्या आल्या हेच केलेलं असतंय.

एस्प्रेसो एकदा तरी मागवाच. खोकल्याच्या औषधाएवढी येते. कपात डोकावून विचारायचं, "ही चव बघायला दिलीस होय? खरी कधी येणार?" पोरगं बिचारं सांगायला लागतं की काका १८ ग्रॅम पावडर असते, ९ बारचं प्रेशर, २५-३० सेकंदांत उतरली पाहिजे नाहीतर कडू होते वगैरे वगैरे. सगळं ऐकून घ्यायचं, मान हलवायची आणि म्हणायचं, बरं, जरा दूध घाल की. दूध घातलं की साखर. साखर विरघळली की "हां, आता कशी कॉफी झाली!" अमेरिकानो स्वतः मागवू नका पण दुसऱ्यानं मागवली तर सोडू पण नका. एस्प्रेसोत गरम पाणी ओतून वीस रुपये जादा घेतोय, तर पाणी कृष्णेचं का वारणेचं एवढं तरी विचारायला नको?

आता मुख्य मुद्दा, गरम. ही पोरं दूध ६०-६५ डिग्रीवर थांबवतात, पुढं गेलं की दुधाचा गोडवा जातो आणि करपट वास येतो म्हणे. जाऊ दे की. ज्या कॉफीनं जीभ भाजत नाही तिला आपल्यात कोमटच म्हणतात, आणि कोमट फक्त सकाळी लिंबू पिळून पितात. मी परत पाठवली. परत आली, परत पाठवली. तिसऱ्या वेळी त्यानं आतनं पातेलं काढलं, चांगली खळखळ उकळली, चटके बसतील अशी आणून ठेवली, आणि खरं सांगतो मला भरून आलं. मग मी विचारलं, वर फेसाचं पान काढतोस ते कुठाय?

हळदीचा लाटे पण ठेवलाय त्यानं, १६० रुपये. सांगलीत! ज्या गावच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, जिथं यार्डात हळदीची पोती उतरली की आख्खी पेठ शिंकते, तिथं हळद-दूध विकतोय. यावर रोज बोललं तरी चालतंय. फक्त ताप आल्याशिवाय मागवायचा नाही.

टेबल प्लगजवळचंच धरायचं. एमपीएससीवाली पोरं नऊलाच येऊन बसतात म्हणून आपण पावणेनऊला. खायला काही घ्यायचं नाही, पिशवीतनं भडंगाचा पुडा काढायचा, आणि मालकाला एक मूठ द्यायची, म्हणजे तो काही बोलत नाही. बघण्याचा कार्यक्रम असंल तर मुलगा-मुलगीपुरत्या दोन कॉफ्या सांगायच्या आणि मामा, आत्या, थोरला भाऊ यांनी पाठीमागच्या टेबलावर अनोळखी लोकांसारखं पाणी पीत बसायचं. १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटक उभं केलं ते याच गावात, आपल्याला एवढं जमतंय.

बिलाच्या वेळी विलिंग्डन कॉलेज काढायचं. "तुझे वडील कितव्या बॅचला रे?" बॅच जुळली तर दहा टक्के कमी, नाही जुळली तर "असू दे, ओळखत असतील मला". घरी जाऊन रिव्ह्यू: कॉफी छान, पोरगं नम्र, जागा स्वच्छ, गाडी लावायला अडचण. दोन स्टार.

आणि पावसाळ्यात तर जायलाच पाहिजे. आयर्विन पुलावर कृष्णेचं पाणी बघून यायचं, भिजलेली छत्री त्याच्या लाकडी खुर्चीवर टाकायची आणि सुरू. ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका, २०१९ ला ५७ च्या वर गेलं होतं, कोयनेतनं किती सोडलंय. अशात तीन तास कुठं जातात कळत नाही. तो मशीन पुसत आपल्याकडं बघत असतो. गेल्या वर्षी दोघं होती कामाला, आता एकटाच असतो, पोरांना कामं नकोत हो हल्ली.

हे सगळं तिथंच बसून लिहितोय, प्लगजवळ, सव्वादोन तास झाले. आत्ताच येऊन त्यानं विचारलं, "काका, अजून काही?"

म्हटलं, पाणी आण. आणि पुलाजवळचं किती फुटावर आलंय तेवढं मोबाईलवर बघून सांग.