पेपर लिहू की घर शोधू?

म्युनिकमधे फेब्रुवारी आला की डोक्याचा नुसता भुगा. तीन पेपर बाकी, मार्चअखेर रूम सोडायचीय आणि मी थर्मोडायनॅमिक्स सोडून दर पाच मिनिटांनी फोन रिफ्रेश करत बसलोय, कारण जाहिरात पडल्यावर तासाभरात मेसेज गेला नाही तर विषय संपला. परवा लायब्ररीतून उठून बर्फाचा चिखल तुडवत घर बघायला गेलो तर जिन्यापासून फुटपाथपर्यंत रांग, गणपतीच्या दर्शनाला असते तशी, आणि प्रत्येकाच्या हातात फाईल! पगाराच्या स्लिपा, शूफाचा कागद (म्हणजे उधारी-बिलं वेळेवर फेडतो याचा दाखला), सगळं. अरे मी विद्यार्थी, पगार कुठून दाखवू? वर डिपॉझिट तीन महिन्यांचं भाडं. (आणि 'काल्ट' भाडं बघून हुरळू नका, हीटिंगचे पैसे वेगळे.)

एवढं करून आत गेलो तर किचनच नाही! भिंतीतून नुसते पाईप बाहेर आलेले, सिंकसुद्धा जुना भाडेकरू उचलून घेऊन गेलेला, आणि इथं हे नॉर्मल आहे म्हणे. मालक विचारतो, फार वासाचं जेवण करता का? अहो काका, फोडणी द्यायला आधी ओटा तरी द्या!

उद्या नऊला पेपर आणि साडेदहाला शहराच्या दुसऱ्या टोकाला पुढचं घर. पेपर दोन तासांचा आहे.