मोडलं ते चाललं असतं, चिकटवलं कशाला?

गम लावलाय. मी लेगोच्या विटांचं केलेल्या सी हॅरिअरला, नौदलाच्या त्या जुन्या लढाऊ विमानाच्या मॉडेलला, भावोजींनी इन्स्टंट गम लावलाय, ती चप्पल तुटली की आणतात ती छोटी ट्यूब. तीन दिवस झाले, राग उतरत नाहीये, म्हणून लिहितेय.

चतुर्थीला सगळे आले, दरवर्षीसारखे कुडाळला उतरून, घरात एकवीस माणसं. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, गणपतीत घर भरलेलंच हवं. विमान मी आधीच माळ्यावर नेऊन ठेवलेलं, आईच्या जुन्या साडीत गुंडाळून, वर चिठ्ठी, हात लावू नये. ऋषीपंचमीला सकाळी आम्ही सगळ्याजणी भाजी निवडत बसलेलो, भाच्याने भोकाड पसरलं आणि कोणीतरी म्हणालं, "पोरगो रडता हा, दी त्याका ता वयला विमान." कोण म्हणालं ते आजपर्यंत कोणी कबूल करत नाही. दिलं. त्याने उडवलं. पडलं. दोन्ही पंख निखळले आणि नाक वेगळं झालं.

इथपर्यंत माझा राग नाही हो! सहा वर्षांचं पोर आहे, विमान दिल्यावर उडवणारच. आणि विटांचं काम असतंच असं, पडलं की सुटतं, सुटलं की परत लागतं, म्हणून तर मी विटांचं करते. मला सांगितलं असतं तर एका दुपारचं काम होतं, त्यालाच शेजारी बसवून लावून घेतलं असतं. पण नाही, मला सांगायचंच नाही असं ठरलं. रात्री भजन आटोपल्यावर भावोजी पडवीत मोबाईलचा टॉर्च लावून बसले, चिकटवलं, परत साडीत गुंडाळून माळ्यावर. आणि मी पुढचे सगळे दिवस त्यांना आग्रह कर करून मोदक वाढले!

विसर्जन झालं, दुसऱ्या दिवशी ते मुंबईला गेले, मी साडी सोडली. पंख सरळ. आडवे, पट्टीने आखल्यासारखे सरळ.

हॅरिअरचे पंख खाली उतरते असतात, कौलारू छपरासारखे. त्याची मोठी चाकं पुढेमागे एका रांगेत, सायकलसारखी, आणि तोल सांभाळायला पंखांच्या टोकांना एकेक बारीक पाय. पंख उतरता नसेल तर तो पाय जमिनीला टेकतच नाही. तो उतार काढायला मला तीन आठवडे लागले होते, एकेका बाजूला दोन हिंज प्लेटा, म्हणजे बिजागरीच्या चपट्या विटा, धडाच्या आत लपवलेल्या, बाहेरून फट दिसू नये म्हणून रात्र रात्र जागून बदललेल्या. फोन लावला तर म्हणतात, "अगं विमानाचे पंख कधी खाली पडलेले असतात का, मी सरळ करून दिले." करून दिले! आता ठेवलं की एका अंगाला कलंडतं आणि दुसऱ्या बाजूचा पाय दोन बोटं हवेत. शिवाय त्या गमची वाफ बसते प्लास्टिकवर, भाद्रपदातल्या आमच्या ओल्या हवेत तर विचारू नका, गडद राखाडी पाठीवर हातभर पांढरट धुरकट डाग, मीठ फुटल्यासारखा.

हातभर म्हणजे काय ते सांगते. 1:40 ला करायचं ठरवलं, कारण खऱ्याचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत 7.7 मीटर, चाळीसने भागला की 19 सेंटीमीटर आणि वर थोडं, आणि एक स्टड, म्हणजे विटेवरच्या एका गोल उंचवट्याची जागा, 8 मिलीमीटरचा, म्हणजे बरोब्बर 24 स्टड. हे जुळलं तेव्हा मी एकटीच घरात ओरडले होते. लांबी 45 स्टड. मग विटा आडव्या लावायच्या जागा, तिथे पाच प्लेटांची जाडी म्हणजे दोन स्टड हा हिशोब डोक्यात ठेवून सगळं बसवायचं. इंजिनाचा झोत सोडणारी, फिरणारी चार नोझल्स, ती खरंच फिरायची. फिरायची. आता डावीकडची दोन गममध्ये गेलीयत.

"एवढं आहे तर तयार बॉक्स का नाही आणत" हे विचारणाऱ्यांनी तर माझ्यासमोर येऊच नये. लेगो आजकालची लढाऊ विमानं काढतच नाही. 2020 साली ऑस्प्रे या लष्करी विमानाचा बॉक्स दुकानात यायच्या तोंडावर मागे घेतला, जर्मनीत विरोध झाला म्हणून. मग आमच्यासारख्यांनी एकेक तुकडा शोधायचा. बाहेरून मागवावा तर खेळण्यांवरची कस्टम ड्युटी 2020 ला 20 टक्क्यांची 60 झाली आणि 2023 ला 70. पार्सल आलंच तर आमच्या वाडीत कुरिअरवाला येत नाही, "मॅडम, सावंतवाडीला येऊन घेऊन जावा", एका पाकिटासाठी अर्धा दिवस रजा. एकदा एकाकडून जुना लॉट घेतला, फोटोत सगळं एकसारखं राखाडी, घरी उघडला तर निम्मा 2004 च्या आधीचा, तो पिवळसर राखाडी, नवा निळसर. शेजारी शेजारी लावले की शर्टाला ठिगळ लावल्यासारखं दिसतं. त्यातला एकही तुकडा पाठीवर चालला नाही, सगळा पोटात घातला.

आणि "वय काय तुझं, पोरांचे खेळ खेळतेस". हे मला माझ्यापेक्षा दुप्पट वयाचे लोक दिवसभर मोबाईलवर रम्मी खेळता खेळता ऐकवतात. पुरुषाने केलं असतं तर इंजिनीअरिंगचं डोकं म्हणाले असते, माझ्या वेळी "तुका काय कामधंदो नाय?".

हे भावोजी तरी कोण? 2023 च्या नौदल दिनाला तारकर्लीच्या किनाऱ्यावर सगळ्यात पुढे उभे, मिग-29के डोक्यावरून गेलं तेव्हा शिट्ट्या, आठवडाभर स्टेटसला तेच. विमानाचा एवढा अभिमान आहे ना, मग त्याचे पंख कसे असतात ते एकदा बघावं तरी! मला विचारावं तरी! आमच्या लहानपणी गोव्यातल्या दाबोळीवरून सी हॅरिअर उडायची. 1983 पासून होती ती नौदलात, 2016 ला निवृत्त झाली. शिरोड्याच्या किनाऱ्यावर बाबांच्या खांद्यावर बसून मी तो आवाज ऐकलाय, आधी विमान पुढे निघून जायचं आणि मग मागून छातीत घुमायचा. बाबा म्हणायचे, ही विराटवर, त्या विमानवाहू जहाजावर, उभी खाली उतरते, हेलिकॉप्टरसारखी. मला ते विमान घरात हवं होतं, तसंच्या तसं, एवढंच.

आता सोडवायचं कसं? शेजारची म्हणाली नेलपॉलिश रिमूव्हर लाव. अगं बाई, त्यात ॲसिटोन असतं, ॲसिटोनमध्ये हे प्लास्टिकच विरघळतं! ताईचा सल्ला, गरम पाण्यात टाक. चाळीस डिग्रीच्या वर पाणी गेलं की विटा वाकड्या होऊ शकतात, मग एकही धड बसत नाही. एकच उपाय उरला, थंडीत तो गम ठिसूळ होतो, म्हणून दोन्ही पंख पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवलेत आणि रोज रात्री एकेक सांधा नखाने हळूहळू उचलून बघतेय. काल पहिला हिंज सुटला. अख्खा, न तुटता. तेव्हा रडले मी.

तर आज सकाळी आई म्हणते, ते काढ तिथून, सुरमई ठेवायची आहे, गणपती झाले, आता सगळ्यांना मासे हवेत. मी म्हटलं मासे शेजारी ठेव, माझी पिशवी हलवायची नाही. त्यावरून भांडण. आणि नऊ वाजल्यापासून लाईट नाहीये.