चेटर रोडवरचा रविवार आणि आपले नाक मुरडणे

आज दुपारी इथल्या मराठी मंडळींच्या एका व्हॉट्सॲप गटावर एक छायाचित्र आले. हाँगकाँगच्या सेंट्रल भागातील चेटर रोड, रविवारची दुपार, वाहनांना बंद असलेल्या रस्त्यात पुठ्ठे अंथरून बसलेल्या, इथे घरकाम करणाऱ्या फिलिपिनो बायका, मध्ये उघडे डबे, आणि पुठ्ठ्यांच्या कडेला ओळीने काढून ठेवलेल्या चपला. खाली मजकूर होता : "जागतिक दर्जाच्या शहराची ही अवस्था." त्यावर हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली, एका बाईंनी "यांना आत कुठेतरी बसवता येत नाही का?" असे विचारले, आणि एका सद्गृहस्थांनी, बहुधा वाद वाढू नये म्हणून, "जाऊ द्या हो, बिचाऱ्या आहेत" असे लिहिले. छायाचित्राखालच्या ओळीचा मला राग आलाच, पण या शेवटच्या वाक्याचा त्याहून जास्त आला. का आला, हे गटावर चार ओळींत सांगता येण्यासारखे नाही, म्हणून इथे लिहीत आहे. इथे माझी मित्रमंडळी आहेत; घरकाम करणाऱ्या बाईलाही स्वतःचे आयुष्य असते, एवढ्या मुद्द्यापासून तुमच्याशी सुरुवात करावी लागणार नाही.

आधी त्या "आत कुठेतरी"बद्दल. हाँगकाँगमध्ये परदेशातून येऊन घरकाम करणाऱ्यांची संख्या साडेतीन लाखांहून अधिक आहे, त्यांपैकी निम्म्याहून जास्त फिलिपिन्सच्या आणि त्यातही जवळजवळ सगळ्या स्त्रिया आहेत. 2003 पासून इथे असा नियम आहे की या बाईने मालकाच्या घरातच राहिले पाहिजे. इथली घरे केवढी असतात हे इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. स्वयंपाकघरामागची एक बिनखिडकीची खोली, ती नसेल तर मुलांच्या खोलीतला वरचा पलंग, तोही नसेल तर दिवाणखान्यात रात्री अंथरायची गादी. कायद्याने तिला दर सात दिवसांत सलग 24 तासांची सुट्टी मिळते. पण ती सुट्टी तिने घरात काढायची म्हटली, तर "अगं, तू आहेसच तर जरा कुकर लाव" हे वाक्य सकाळी दहाच्या आत कानावर पडते. तिचे घर म्हणजेच तिची कामाची जागा आहे, आणि सुट्टीच्या दिवशी कामाच्या जागेवर बसून राहावे असे आपल्याला तरी वाटते का? मग ती बाहेर पडते. हॉटेलात बसायचे तर पैसे लागतात. 2024 मध्ये तिच्यासाठी ठरवलेले किमान मासिक वेतन 4,990 हाँगकाँग डॉलर होते, आणि त्यातले बरेचसे महिन्याच्या पहिल्याच रविवारी वर्ल्ड-वाइड हाउसमधल्या पैसे पाठवण्याच्या खिडकीतून फिलिपिन्समधल्या इलोइलो, पांगासिनान किंवा दावाओकडे रवाना होते. उरलेल्या पैशांत सेंट्रलमध्ये तिला परवडणारी जागा एकच, ती म्हणजे रस्ता. "आत" ही गोष्टच जिच्याकडे नाही, तिला आत बसायला सांगणारे आपण कोण?

माझी आई चिपळूणहून आमच्याकडे आली होती तेव्हाची गोष्ट आहे. एका रविवारी आम्ही दोघी स्टार फेरीच्या बोटीकडे निघालो होतो. चेटर रोडवर आल्यावर तिचे गुडघे बोलू लागले आणि ती तिथेच उभी राहिली. जवळच्या पुठ्ठ्यावर तिघी जणी पत्ते खेळत होत्या. त्यांच्याजवळ बसलेल्या चौथीने आईकडे पाहिले, पाठीमागून एक जादा पुठ्ठा ओढला, त्यावर हात फिरवला आणि बसायची खूण केली. मी "नको, नको" म्हणेपर्यंत आईने चपला काढून त्यांच्या चपलांच्या ओळीत नीट लावल्या होत्या. तो डाव होता तोंगित्सचा, म्हणजे आपल्या रमीच्या जवळचा, तिघांनी खेळायचा फिलिपिनो खेळ. आई रमीत पक्की आहे. पाचेक मिनिटे ती निमूटपणे बघत राहिली, मग तिला राहवेना, तिने पुढे वाकून समोरच्या बाईच्या हातातल्या एका पानावर बोट ठेवले आणि मला मराठीत म्हणाली, "हे कशाला धरून बसली आहे ही? टाकायला सांग तिला." मला काही सांगावेच लागले नाही. त्या बाईने एकदा पानाकडे, एकदा आईकडे पाहिले आणि पान टाकले. पुढे काय झाले ते मला नीट कळले नाही, पण चौघींनी एकदम असा काही गलका केला की पलीकडच्या पुठ्ठ्यावरच्या बायका वळून बघू लागल्या. मग एक प्लास्टिकचा डबा पुढे आला. त्यात बिको होता, नारळाच्या दुधात आणि तपकिरी साखरेत शिजवलेला चिकट तांदूळ. आईने चव घेतली आणि निकाल दिला : "नारळी भातच आहे. वेलची विसरली आहे."

गटावरच्या मंडळींना त्या छायाचित्रात नुसती गर्दी दिसली. मी इतकी वर्षे त्या रस्त्यावरून जाते आहे, त्यामुळे मला त्यात काय काय चालले आहे ते ओळखता येते. एका कोपऱ्यात कुणी मैत्रिणीचे केस कापत असते, कुणी नखे रंगवून देत असते. एकीने फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवलेला असतो आणि पडद्यावर तिचा मुलगा गणिताचा गृहपाठ दाखवत असतो. एका बाजूला नाचाची तालीम चाललेली असते, कारण महिन्याभरात स्पर्धा आहे. सौंदर्यस्पर्धाही होतात, पट्टे, मुकुट, उंच टाचांसकट, आणि त्यांची तयारी आठवड्यातून एकाच दिवशी करायची असल्याने तिला कित्येक आठवडे लागतात. सकाळी बऱ्याच जणी गार्डन रोडवरच्या सेंट जोसेफ चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे रविवारची प्रार्थना, आटोपून आलेल्या असतात. काही जणी बूट घालून डोंगर चढायला ड्रॅगन्स बॅककडे गेलेल्या असतात. आणि ठिकठिकाणी ते मोठे खोके उभे असतात, बालिकबायान बॉक्स, म्हणजे गावी घरच्यांना पाठवायचे खोके. त्यात महिनोन्महिने थोडे थोडे सामान साठत जाते : साबण, शाम्पू, चॉकलेट, डबाबंद मांस, टॉवेल, पुतण्याचे बूट. समुद्रमार्गे जाणाऱ्या या खोक्याचे भाडे वजनावर नसून खोक्यावर असते, त्यामुळे ते भरणे ही एक कलाच होऊन बसली आहे. बुटांच्या आत मोजे, मोज्यांच्या आत साबण, आणि शेवटी झाकण बंद व्हावे म्हणून एकीने वर बसायचे आणि दुसरीने चिकटपट्टी गुंडाळायची. सप्टेंबर उजाडला की नाताळची गाणी सुरू होतात, कारण त्यांच्याकडे नाताळ सप्टेंबरपासूनच लागतो. सहा दिवस न जगलेले सगळे या एका दिवसात बसवायचे असते. ही "अवस्था" नव्हे. हा रविवार आहे.

आता मान्य करायच्या गोष्टीही करून टाकते. तिथे कलकलाट असतो, पावसात ओल्या पुठ्ठ्यांचा वास येतो, आणि एखाद्याला घाईने बँकेकडे जायचे असेल तर वाट काढताना कटकट होते. ठीक आहे. आठवड्यातून एक दिवस होते.

पण घाणीचा आरोप मी ऐकून घेणार नाही. त्या पुठ्ठ्याच्या कडेला चपला का काढल्या जातात, याचा त्या छायाचित्रकाराने विचार केला आहे का? ती कड म्हणजे उंबरठा आहे. आईला ते कुणी समजावून सांगावे लागले नाही. संध्याकाळी याच बायका पुठ्ठे घड्या करून, कचरा पिशव्यांत भरून निघून जातात, आणि सोमवारी सकाळी कोट-टाय घातलेली माणसे तिथून कॉफीचे कप हातात घेऊन चालत जातात, तेव्हा आदल्या दिवशी इथे कुणी होते याची खूणही उरलेली नसते. आणि हो, गेल्या हिवाळ्यात आपली समुद्रकिनाऱ्यावर सहल गेली होती. चटया होत्या, पोहे होते, ध्वनिक्षेपकावर अंताक्षरी होती, मुले ओरडत होती. आपले छायाचित्र काढून "शहराची अवस्था" असे कुणी लिहिले होते का? आपण केले की स्नेहमेळावा, त्यांनी केली की गर्दी. वा!

ही कुरकुर नवीनही नाही. चेटर रोड रविवारी वाहनांना बंद ठेवण्याची पद्धत 1980 च्या दशकात सुरू झाली, ती खरेदीला येणाऱ्यांना निवांत फिरता यावे म्हणून. निवांत फिरायला आल्या या बायका. मग 1992 मध्ये इथल्या एका बड्या जमीनदार कंपनीकडून सूचना पुढे आली की रस्ता पुन्हा वाहनांना खुला करावा आणि या बायकांना भूमिगत वाहनतळात जागा करून द्यावी. वाहनतळात! त्यावर वर्तमानपत्रांत पत्रांचा पाऊस पडला, भांडणे झाली, आणि बायका जिथे होत्या तिथेच राहिल्या. आज त्या एचएसबीसी बँकेच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेतही बसतात. वास्तुविशारद नॉर्मन फॉस्टरने ही इमारत उभारताना तळमजला उघडा ठेवला, आणि रविवारी त्या सावलीचे चीज होते. शेजारच्या स्टॅच्यू स्क्वेअरमध्ये एकेकाळी राणी व्हिक्टोरियाचा पुतळा होता. आता तिथे उरला आहे तो एका बँक व्यवस्थापकाचा, आणि त्याच्या पायाशी बसून या बायका गावाकडच्या कर्जाचे हप्ते मोजतात. या शहराचे याहून खरे चित्र दुसरे कुठले असेल असे मला वाटत नाही.

आता "बिचाऱ्या"कडे वळते. आईबरोबर त्या दिवशी बोटीत बसलो तेव्हा माझ्या तोंडूनही काहीतरी हळवे निघणार होते, घरापासून दूर, मुलांपासून दूर, वगैरे. त्याआधीच आई म्हणाली, "बरे आहे यांचे. मला मेलीला कुठे होता रविवार? रविवारी सगळे घरात, म्हणून स्वयंपाक दुप्पट." तिच्या बोलण्यात कीव नव्हती, चक्क असूया होती. तिने त्या बायकांना पगार विचारला नव्हता, मुले किती म्हणून विचारले नव्हते, डोळ्यांत पाणी आणले नव्हते. तिने पान चुकीचे धरले आहे एवढेच सांगितले होते. मला वाटते, त्या रस्त्यावरून जाणाऱ्या आमच्यासारख्या शेकडो भल्या माणसांपेक्षा तिने त्यांना जास्त मान दिला.

कारण कीव करणारेही शेवटी त्यांच्या सुट्टीकडे बघतच नाहीत. फिलिपिन्सचे सरकारही त्यांतलेच. 1974 मध्ये फर्डिनांड मार्कोस यांच्या राजवटीत कामगार परदेशी पाठवणे हे सरकारी धोरण झाले. 1988 मध्ये राष्ट्राध्यक्ष कोराझोन अक्विनो हाँगकाँगला आल्या आणि त्यांनी याच बायकांना देशाच्या नव्या वीरांगना म्हटले. वीरांगना म्हटले की टाळ्या वाजवता येतात, बिचाऱ्या म्हटले की उसासे सोडता येतात. पत्ते कुटत, गाणी म्हणत, मोठमोठ्याने हसत बसलेल्या बाईला मात्र यांपैकी एकाही खणात बसवता येत नाही, आणि तीच आपल्या डोळ्यांत खुपते. गरीब माणसाने मजा करताना दिसू नये, असा काहीतरी आपला समज आहे. गावी असतानाही होताच की. कामवाली बाई जत्रेला गेली म्हणून फणफणणाऱ्या आत्या-मावश्या आपल्या सगळ्यांच्या घरी होत्या. महाराष्ट्रात 2008 मध्ये घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा झाला, पण आठवड्याची हक्काची सुट्टी आपल्याकडे धुणीभांडी करणाऱ्या किती बायकांना मिळते, ते आपापल्या घरात डोकावून पाहावे.

सगळे मालक वाईट नसतात, हेही लिहायला हवे, नाहीतर कुणीतरी लिहीलच. नसतात. बऱ्याच घरांत चांगले चालते.

पण चांगल्या घरांतही "नऊच्या आत परत ये" असते. 24 तासांच्या सुट्टीत नऊ वाजता परत यायचे, हा हिशेब मला कधी कळलेला नाही. त्याहून मोठा हिशेब वर्षांचा आहे. आपण इथे सात वर्षे राहिलो आणि कायम रहिवासी झालो. त्या गटावरच्या बहुतेकांच्या पाकिटात ते ओळखपत्र आहे. 1986 पासून इथे घरकाम करणाऱ्या फिलिपिनो एव्हँजेलिन वायेहोस यांनी हाच हक्क न्यायालयात मागितला, 2011 मध्ये त्या पहिला निकाल जिंकल्या, आणि 2013 मध्ये सर्वोच्च पातळीवर हरल्या. घरकामगार म्हणून राहिलेली वर्षे त्या मोजणीत धरायची नाहीत, असे ठरले. नोकरी सुटली की दोन आठवड्यांत शहर सोडायचे, हा नियम तर 1987 पासून आहे. म्हणजे वीस वर्षे आपली मुले वाढवलेली बाई कायद्याच्या दृष्टीने इथे राहिलेलीच नसते. तिचे या शहरात राहणे दिसते ते फक्त रविवारी, त्या रस्त्यावर, आणि नेमके तेच आपल्याला झाकून ठेवायचे आहे.

लिहिता लिहिता राग थोडा निवळला आहे. आमच्या घरी काम करणाऱ्या ताईंचा मघाशी निरोप आला की नाचाच्या स्पर्धेत त्यांचा गट अंतिम फेरीत गेला आहे आणि आज उशीर होईल. त्या अंगाने चांगल्याच भारदस्त आहेत, गुडघ्यांची तक्रार त्यांचीही आहे, आणि त्या पहिल्या रांगेत नाचतात. पाहायला कुणी आलेच तर दाद द्यायला या, नाचणाऱ्याला एवढेच हवे असते.

राहिला प्रश्न सेंट्रल मोकळे दिसावे असे मनापासून वाटणाऱ्यांचा. त्यांच्यासाठी उपाय आहे. मालकाच्याच घरी राहण्याची ती 2003 ची सक्ती रद्द करावी, असा अर्ज आपण सगळे मिळून सरकारला देऊ; बाईला स्वतःची खोली भाड्याने घेता आली, मैत्रिणींना तिथे बोलावता आले, तर पुठ्ठ्यांची गरज बरीच कमी होईल. अर्जाचा मसुदा मी करते, पहिली सही माझी. फक्त सही करण्याआधी, दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता आपल्या मुलांचे डबे कोण भरणार, हे ज्याने त्याने घरात विचारून घ्यावे.