पगारातले दोनशे रुपये आणि रोहयोचा खड्डा

पगारपत्रकाचा फोटो, प्रोफेशनल टॅक्सच्या 200 रुपयांभोवती लाल गोल आणि खाली मजकूर: "आमचे पैसे कापायचे आणि गावाकडं लोकांना बसून हजेरी द्यायची. दिल्लीची खैरात! शेतीला मजूर मिळेना, अन् हे खड्डे खणतात, खड्डे बुजवतात." आठवड्यात तीन ग्रुपवर हे आलं. रोख रोहयोवर, म्हणजे रोजगार हमी योजनेवर: गावात काम मागेल त्याला सरकारनं मजुरीचं काम द्यायचं. एका ठिकाणी चक्क मामेभावानं टाकलेलं. आमची आजी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायची, सुकडी खाऊन.

लाल गोल योग्य जागी आहे, हे कबूल. 1975 च्या कायद्यानं हा प्रोफेशनल टॅक्स, म्हणजे व्यवसाय कर, लावला तो रोजगार हमीसाठीच. पण तो वर्षाला जास्तीत जास्त 2500 रुपये. पगार महिना पन्नास हजार असो की पाच लाख. शिवाय या करातून जितका पैसा जमा होईल तितकीच भर सरकारनं तिजोरीतून घालायची, असं ठरलेलं होतं. त्या तिजोरीत साबण-काडेपेटी घेणाऱ्या मजुराचाही कर असतो.

दिल्लीचं म्हणाल तर, विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी हा प्रयोग 1965 साली तासगाव तालुक्यातल्या विसापूरला केला. राज्याचा कायदा 1977 चा, लागू झाला 26 जानेवारी 1979 ला. केंद्राचा कायदा आला 2005 मध्ये.

आता "बसून हजेरी". ज्यानं हे लिहिलं तो कामावर कधी गेलेला नाही. मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, नाव लागलं म्हणून पैसे निघत नाहीत, मोजमाप होतं. लांबी, रुंदी, खोली. माती मऊ की मुरूम, ती किती लांब नेऊन टाकली, त्यावर दर. खणताना मधे मधे मातीचा एखादा खांब तसाच सोडतात, मूळ जमीन किती उंच होती ते मोजणाऱ्याला कळावं म्हणून. खाली कठीण मुरूम लागला आणि तो मऊ मातीत धरला गेला, तर आठवडाभर राबलेल्या बाईच्या हातात निम्मीच मजुरी पडते. खोटी मस्टरं झाली, नसलेल्या माणसांच्या नावावर पैसे उचलले गेले, हेही खरंच. पण मस्टर मजूर भरत नाही.

शेतीला मजूर? 2025-26 साठी महाराष्ट्राचा दर होता 312 रुपये. आमच्याकडं सोयाबीन काढणीला गडी पाचशेच्या खाली हलत नाही. तो 312 साठी कशाला जाईल? बायांचं वेगळं. शेतात त्यांची बोळवण अडीचशे-तीनशेवर होते आणि रोहयोत बाई-पुरुष दर एकच. खरं दुखणं तिथं आहे, फक्त तसं कुणी लिहीत नाही.

राहिले खड्डे. बहात्तरला फोडलेली बरीच खडी रस्त्याकडेला पडून राहिली, हे आजीही सांगायची. पण पाझर तलाव, नालाबांध, समतल चर हेही खड्डेच. हिवरे बाजारच्या डोंगरावर पाणी मुरलं ते अशा कामांतून, त्यात रोहयोचा पैसा होता. 1990 पासून फळबाग लागवड रोहयोला जोडली. शेतकऱ्याच्याच रानात खड्डे, मजुरी योजनेची. कोकणातला काजू, दुष्काळी पट्ट्यातलं डाळिंब असं वाढलं. आमच्या मामाची केशर आंब्याची बागही त्यातलीच, 1993 ची. तिच्या पेटीचे भाव मामेभाऊ दर मे महिन्यात त्याच ग्रुपवर टाकतो.