सेकंदाला पाच चित्रं जास्त

मुलीचा पहिला वाढदिवस मे महिन्यात होता. साल २००७. नागपुरात मे महिन्यात जन्म घेणं हा काही तिचा निर्णय नव्हता, पण व्हिडिओ कॅमेरा घ्यायचा निर्णय माझा होता आणि मी फेब्रुवारीपासूनच त्याच्या मागे लागलो होतो.

ताईच्या १९८९ सालच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट आमच्या कपाटात बुरशी धरून बसली होती. लावली की अंतरपाट धरेपर्यंत सगळं दिसायचं, आणि अक्षता पडायच्या नेमक्या वेळी पडद्यावर मुंग्या. (भाऊजी म्हणतात, तिथंच थांबतं तेच बरं.) म्हणून या वेळी टिकेल असंच काहीतरी घेणार, असं मी घरात जाहीर केलं. जाहीर करायला नको होतं.

बर्डीवरच्या दुकानातला पोट्टा टेपचं नाव काढताच हसला. ‘‘भाऊ, टेप आता कोण घेऊन राहिलं? ही डीव्हीडीवाली पाहा. शूट करा, काढा, प्लेअरमध्ये टाका.’’ तबकडी आठ सेंटीमीटरची, जेमतेम अनारशाएवढी. तिच्यात १.४ जीबी मावतं. बऱ्यापैकी चित्र हवं असेल तर २० मिनिटं, कसंही चालत असेल तर तासभर. वीस मिनिटांत आमच्याकडची वरात हनुमान मंदिरापासून पानठेल्यापर्यंत येते. शिवाय शूटिंग झालं की तबकडी ‘फायनलाइज’ करायची, तोवर घरचा प्लेअर तिला ओळखच दाखवत नाही.

मग हार्ड डिस्कवाला. ३० जीबी, सात तास. मी विचारलं, ‘‘पडला तर?’’

‘‘पाडायचाच नाही ना, भाऊ.’’

आदल्याच वर्षी निघालेलं एव्हीसीएचडी, म्हणजे जास्त बारकाव्याच्या एचडी चित्राचा प्रकारही त्यानं दाखवला. चित्र असं की काउंटरवरच्या माशीचे पाय मोजून घ्यावेत. पण घरच्या पेंटियम फोर संगणकाला ती माशी उडताना दाखवायला सांगितलं असतं, तर त्यानं बसल्या जागी मान टाकली असती.

तेवढ्यात न्यू जर्सीहून मेहुण्याचा फोन आला. तिकडे स्वस्त आहे, दिवाळीत येताना आणतो म्हणाला. वाढदिवस मे महिन्यात आहे हे भाचीच्या मामाला सांगावं लागलं. पण खरी अडचण वेगळी होती. टीव्हीच्या चित्राची पद्धत तिकडची एनटीएससी, आपली पाल. मी बाबांना समजावून सांगितलं, की तिकडे सेकंदाला जवळपास ३० चित्रं, आपल्याकडे २५.

‘‘पाच जास्त देऊन राहिले ना? घेऊन टाक.’’

‘‘पण बाबा, चित्रातल्या ओळी कमी. आपल्या ५७६, त्यांच्या ४८०.’’

बाबांनी आयुष्यभर इतवारीतून किराणा आणला होता. ‘‘म्हणजे नग वाढवले अन् मापात मारलं,’’ ते म्हणाले, आणि अमेरिका निकालात निघाली. एनटीएससीचा याहून नेमका निकाल मी अजून ऐकलेला नाही.

शेवटी मी मिनी डीव्हीच घेतला, टेपवालाच. एका टेपवर एक तास, चित्र स्वच्छ. पण तो तास संगणकात उतरवला की १३ जीबी होतो आणि माझी डिस्क होती ४० जीबीची. म्हणजे पोरीनं बालपण तीन तासांच्या आत आटपायला हवं होतं. बरं, तासाभराची टेप उतरवायलाही तासच लागतो, त्यात घासाघीस नाही. त्या वर्षी भारनियमन. पंचावन्नाव्या मिनिटाला लाईन जायची.

वाढदिवस मात्र झोकात झाला. माणसं हॉलमध्ये मावेनात, तर्री-पोहे दोनदा करावे लागले. मी तीन महिन्यांचा अभ्यास पणाला लावून सगळं टिपलं. रात्री टीव्हीला जोडून लावलं तर चित्र सुरेख, आणि आवाज? घर्रर्रर्र.

हॉलमधला कूलर! नव्या वाळ्याच्या ताट्या, लोखंडी पेटी, आणि कार्यक्रमातला जास्तीत जास्त वेळ मी त्याच्याच शेजारी उभा, कारण मलाही उकडत होतं. त्यात कॅमेऱ्याचा माइक भारी शहाणा. माणसं गप्प झाली की तो आवाज आपोआप चढवतो. मावशीनं औक्षण करताना श्वास घेतला, की कूलर जोरात. फॉरमॅटवर मी दुकानदार, मेहुणा, बाबा, सगळ्यांशी बोललो होतो. कूलरचा विषय कोणीच काढला नव्हता.

परवा त्या टेपा पुन्हा काढल्या. आताच्या लॅपटॉपला कॅमेऱ्याची वायर जोडायचं, फायरवायरचं तोंडच नाही, म्हणून एका मित्राच्या माळ्यावरचा जुना संगणक उतरवून आणला. लेक शेजारी येऊन बसली. थोडा वेळ ऐकून म्हणाली, ‘‘बाबा, मागे समुद्र आहे का?’’

‘‘नागपुरात?’’

चित्रात ती केकमध्ये हात घालत होती. घरघरीतून माझ्या बाबांचा आवाज आला, त्यांना जाऊन आता नऊ वर्षं झालीत: ‘‘अरे, शूटिंग काय करून राहिला? पंप पाहा आधी, ताटीवर पाणी चढून नाही राहिलं.’’

मी उठलो. खिडकीपर्यंत गेलो. कूलर काढून एसी लावल्यालाही चार वर्षं झालीत.